रिकाम्या घराचा विमा

धुरपताबाईच्या स्वप्नात तिचं घर चालत यायचं.

उसाच्या फडावर दिवसभर मोळ्या वाहून अंग आंबून गेलं की ती कोपीत, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, पाठ टेकायची. डोळा लागतो न लागतो तोच तिकडे मेडशीच्या जंगलाकडेचं घर जागेवरून उठायचं आणि निघायचं. दाराचं कुलूप वाजवत, हिरव्या खिडकीतून इकडेतिकडे बघत, वाटेत लोकांना रस्ता पुसत ते पार कृष्णेच्या काठापर्यंत यायचं. कोपीच्या तोंडाशी येऊन थांबायचं. आत मावायचं नाही, म्हणून नुसतं उभं राहायचं.

सकाळी ती हे स्वप्न नवऱ्याला सांगायची आणि रामधन कोयत्याला धार लावता लावता हसायचा. "घराले पाय असते तं आपल्याले कायले हिंडावं लागलं असतं?"

दोघांचा मिळून एक कोयता होता. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची. फडावर माणसं अशी जोडीनंच धरतात. लग्न होऊन ती तांड्यात आली त्या सालापासून हेच चाललेलं. दिवाळी सरली की ट्रॅक्टर यायचे. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, सगळं भरून बंजाऱ्यांचा तो तांडा सांगली-कोल्हापूरकडे निघायचा आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास परत यायचा. मागे राहायची चारदोन म्हातारी माणसं आणि दारोदारची कुलपं.

तिचं घर तांड्यातलं शेवटचं. तांडा माळाच्या अगदी कडेवर वसलेला, त्यामुळे घरामागे जमीन एकदम खाली उतरायची आणि त्या उतारावर जंगल सुरू व्हायचं. वर साग आणि सालई, मध्ये पळस, खाली नाल्याच्या अंगाला मोहाची जुनी झाडं. घर एका दमात झालेलं नव्हतं. एका साली पाया, दुसऱ्या साली भिंती, मग पुढच्या खोलीवर स्लॅब आणि मागच्या खोलीवर टिनं. खिडकीला हिरवा रंग धुरपताबाईनं स्वतःच्या हातानं दिला होता. पण त्या घरात पौष कसा असतो, फाल्गुन कसा असतो, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या ओळखीचं होतं ते पावसाळ्यातलं घर. ओल्या भिंतींचं, गळक्या टिनांचं, दारात चिखल असलेलं. उरलेले महिने ते घर तिच्याशिवाय काय करायचं, कोण जाणे.

मग ते साल आलं.

होळी फडावरच झाली होती. पाचटाचा ढीग पेटवून भोवती लेंग्या, बंजाऱ्यांची होळीची गाणी, म्हणून झाल्या होत्या. दोन दिवसांनी तांड्यातून फोन आला की जंगल पेटलं होतं, वणवा वर चढला आणि गोमतीबाईची झोपडी गेली. गोमतीबाई म्हणजे रामधनची चुलत चुलती. एकटी, म्हातारी. तिची झोपडी धुरपताबाईच्या घराला लागून होती.

"म्हातारी?" धुरपताबाईनं विचारलं.

"म्हातारी वाचली. मंदिरापाशी बसली होती."

"आन आमचं घर?"

"हाय. वारा फिरला."

आखाजीला परत आल्यावर तिनं पाहिलं. झोपडीच्या जागी काळा चौकोन होता, त्यात चुलीचे दगड तेवढे ओळखू येत होते. तिथून काळी जमीन तिच्या मागच्या भिंतीकडे आली होती आणि हातभर अंतरावर थांबली होती. लिंबाच्या झाडाची एक बाजू हिरवी, एक बाजू करपलेली. तिनं भिंतीला हात लावून पाहिला. भिंत थंडच होती. तरी तिला वाटलं, आपण इथं नसताना हिनं काहीतरी पाहिलंय आणि आता ती सांगत नाही.

त्यानंतर स्वप्नातल्या घराच्या डोक्यावर धूर दिसू लागला.

मेडशीच्या एसटी स्टँडजवळ सपनाचं दुकान होतं. दुकान कसलं, बँकेचं छोटं केंद्र. अंगठा लावून खात्यातले पैसे काढायचे, निराधारांचे पगार घ्यायचे, लाइटचं बिल भरायचं. सपना देवमन गुरुजींची मुलगी, वाशीमला शिकून आलेली, बोलायला मोकळी. तिच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर छत्रीखाली एक घर काढलेलं होतं. श्रावणात एकदा रांगेत उभी असताना धुरपताबाई त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. घरावर छत्री धरलेली तिला फार आवडली.

"हे काय व्हय, बाई?"

"घराचा विमा, मावशी."

"घराचा बी राहते? मले तं मानसाचाच मालूम."

"राहते ना. आग लागली, वीज पडली, पूर आला, तं नुकसानीचे पैसे भेटतात."

"आन वनवा?"

सपनानं कागद काढून वाचला. तिलाही हे कुणी आजवर विचारलं नव्हतं. "वणवा बी. जंगलातून आलेली आग यात धरली हाय."

धुरपताबाईचा चेहरा खुलला. मग सपनानं एकेक विचारायला सुरुवात केली. भिंती कशाच्या? छत कशाचं? जंगल किती लांब? शेवटी विचारलं, "घरात कोन कोन राहते?"

"आमी दोघं. पोरगा किशन आन त्याची बायको उज्ज्वला. पन दिवाळीपासून आखाजीपर्यंत आमी ऊस तोडाले जातो."

"मंग तवा घरी कोन?"

"कोनीच नाई. कुलूप."

सपनानं पुन्हा कागदात डोकं घातलं. मग एका जागी बोट ठेवून म्हणाली, "मावशी, इथं लिहेल हाय. घर महिन्याच्या वर सलग रिकामं राह्यलं, आन कंपनीची मंजुरी नसली, तं त्या दिवसात काही झालं तरी भरपाई नाई."

धुरपताबाईला ते समजायला थोडा वेळ लागला. "म्हंजे पानी पडते तवा आगीचा विमा हाय, आन आग लागते तवा नाई?"

सपनाला हसू आलं आणि लगेच गेलं. तिनं तिथल्या तिथं कंपनीच्या वाशीमच्या माणसाला फोन लावला. बराच वेळ 'हो सर, नाही सर' चाललं. फोन ठेवून ती म्हणाली की आधी घराचे फोटो पाहिजेत. पण जंगलाच्या कडेचं घर, तेही मागच्याच होळीला वणवा येऊन गेलेलं, ऐन उन्हाळ्यात कुलूप लावून सोडायचं म्हटलं तर मंजुरी मिळणं कठीण.

दोनतीन दिवसांनी सपना स्कूटी घेऊन तांड्यात आली. पुढून फोटो काढला, हिरव्या खिडकीचा काढला, आणि मागे गेल्यावर थांबली. मागच्या भिंतीला टेकून तुराट्यांचा ढीग रचलेला होता. चुलीसाठी तुरीच्या वाळल्या काड्या सगळेच अशा भिंतीशी रचतात. पलीकडे त्याच पावसाळ्यात घातलेला बकऱ्यांचा गोठा, त्यावर गवताचं छप्पर. आणि तिथून पुढे, उतारापर्यंत, कमरेइतकं वाढलेलं गवत. श्रावणात ते हिरवंगार होतं, वाऱ्यावर लवत होतं.

"किती साजरं दिसते," सपना म्हणाली. मग म्हणाली, "पन माघात हे सारं वाळते ना, मावशी?"

"मी माघात पाह्यलंच नाई कधी," धुरपताबाई म्हणाली.

हे बोलताना तिला स्वतःलाच कसंतरी झालं. आपल्या घरामागचं गवत वाळल्यावर कोणत्या रंगाचं दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं. लांबच्या फडातल्या पाचटाचा वास तिला पाठ होता, कुणाच्या तरी विहिरीची चव पाठ होती. सपना गेली तरी ती मागेच उभी राहिली. खाली जंगलातून ओल्या पाल्याचा गार वास येत होता.

त्या रात्री जेवताना तिनं सांगून टाकलं.

"औंदा मी येत नाई."

रामधनला वाटलं थट्टा आहे. "काहून? फडावर तुह्या जागी कोन येईल? हे घर येईल चालत?"

"घरात मानूस पायजे. तवाच विमा लागते."

"कोयता मोडते, धुरपता. एकट्या मानसाले मुकादम काय करते?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं. रामधनच्या भावाची, किसनसिंगची बायको मागच्या पावसाळ्यात वारली होती. तोही अर्धाच उरला होता. "तुमी दोघं भाऊ एक कोयता व्हा. किशन आन उज्ज्वलेचा त्याईचा वेगळा हायच."

रामधन जेवायचा थांबला. त्याला राग आला होता. पण रागाच्या आत दुसरंच काहीतरी होतं, ते त्याला सांगता येईना. इतक्या वर्षांत तो एकटा कधी कोपीत झोपला नव्हता. शेवटी एवढंच म्हणाला, "भाकर कोन थापून देईल मले?"

"उज्ज्वला देईल. तिच्या हातची तुमाले माह्यापेक्षा जास्त आवडते, मले मालूम हाय."

विमा निघाला. सपनानं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. दिवाळीनंतर ट्रॅक्टर आले. धुरपताबाईनं भांडी भरून दिली, गोधड्या बांधून दिल्या आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ट्रॅक्टर निघताना मागून कसा दिसतो, हे ती पहिल्यांदाच बघत होती. उज्ज्वला हात हलवत होती. रामधन पाठ करून बसला होता. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच होती. मग वळली तर तांडा रिकामा, आणि त्या टोकाला तिचं घर, दार उघडं.

गोमतीबाई राहायला आली. तिची झोपडी पुन्हा झालीच नव्हती. ती एक लुगडं, एक वाटी आणि काठी घेऊन आली आणि चुलीपाशी आपली जागा धरून बसली.

मग हिवाळा आला. धुरपताबाईला तो हिवाळा नंतर कधी नीट सांगता आला नाही. कुणी विचारलं की ती म्हणायची, "झोपेत चालल्यावानी होतं." सकाळी उतारावरून धुकं वर यायचं आणि दाराशी थांबायचं. कधी धुक्यातून एखादी रोही, म्हणजे नीलगाय, मान काढून बघायची आणि परत आत बुडायची. तांड्यात आवाजच नव्हता. लेकराचा नाही, भांड्याचा नाही. पौषात सागाची पानं गळायला लागली. सागाचं पान केवढं मोठं, वाळलं की पत्रावळीसारखं कडक होतं. ते पडलं की कुणीतरी पाऊल टाकल्यासारखं वाजायचं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, जंगलातून माणसं येताहेत. ती दारात जाऊन उभी राहिली. कुणी आलं नाही. पावलं मात्र दिवसभर वाजत राहिली.

गवत वाळलं. वाळताना ते आधी पिवळं झालं, मग बकरीच्या करडाच्या अंगासारखं तांबूस, आणि संध्याकाळचं ऊन पडलं की सबंध उतार आतून दिवा लावल्यासारखा दिसायचा. ती कौतुकानं बघत बसायची. गोमतीबाई मात्र त्याच्याकडे पाठ करून बसायची.

"का वो काकी, पाहत नाई?"

"मी पाह्यलं हाय त्याले," गोमतीबाई म्हणाली. "त्याच रंगानं पेटते ते. पेटलं तवा मले आधी उमगलंच नाई. मले वाटलं, ऊनच हाय."

त्या दिवशी म्हातारीनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. आग खालून आली. दुपारची. सकाळी वारा वरून खाली वाहतो, पण ऊन तापलं की तो उलटतो आणि नाल्यातून वर चढायला लागतो. आगीलाही चढणच आवडते. सपाटीवर ती माणसासारखी चालते, चढणीवर बकरीसारखी उड्या मारते. आधी पाला पेटतो, मग गवत, आणि गवताला लागून जे असेल ते. "माही झोपडी गवताले लागून होती," म्हातारी म्हणाली. "गवतातच होती म्हन ना."

दुसऱ्या दिवसापासून धुरपताबाई कामाला लागली. सगळ्यात आधी तुराट्यांचा ढीग भिंतीपासून काढून लांब, पुढच्या अंगणाच्या टोकाला नेला. मग विळा घेऊन घरामागचं गवत कापायला घेतलं. ऊस तोडणाऱ्या हाताला गवत म्हणजे काय! पण पाला रोज पडायचा. म्हणून रोज सकाळी खराटा घेऊन ती घरामागचा सगळा पट्टा झाडायची, उताराच्या कडेपर्यंत, लाल माती दिसेपर्यंत. देवळापाशी बसणारे म्हातारे हसायचे. मदनसिंग म्हणायचा, "जंगल झाडून राह्यली काय वो धुरपता? झाल्यावर सारवून बी घे!"

एक दिवस जंगल खात्याचा गार्ड त्या बाजूनं आला. तो हसला नाही. त्यानं तिला थोडं खाली नेऊन दाखवलं. झाडीतून एक मोकळी वाट गेली होती, मुद्दाम साफ केलेली. "ही जाळरेषा. आग इथवर आली की तिला पुढं खायला काही नसावं, म्हणून. तुम्ही घराला केली तीही जाळरेषाच." त्यानं आपला फोन नंबर दिला. तिनं तो आपल्या फोनमध्ये त्याच्याकडूनच टाकून घेतला.

फाल्गुनात पळस फुलला.

तिनं पळस पाहिला नव्हता असं नाही. ट्रॅक्टरमधून, रस्त्याकडेला, दुसऱ्यांच्या गावात पुष्कळ पाहिला होता. पण स्वतःच्या घरामागे सगळा उतार असा एका आठवड्यात पानं टाकून नुसता केशरी होतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळेच तर फडावर असायचे, सांगणार कोण? मागच्या खोलीची भिंत संध्याकाळी गुलाबी व्हायची. ती फोन लावून रामधनला म्हणायची, "आयका, आपल्या घरामांगं..." आणि पुढे काय सांगायचं ते तिला सुचायचं नाही. तिकडून तो म्हणायचा, "बोल ना." मग दोघं तसेच फोन कानाला लावून बसायचे.

त्या वर्षी तांड्यातल्या होळीला सात-आठ म्हातारी माणसं होती. गोमतीबाईनं लेंगी म्हटली. तिचा आवाज पिकलेला, मध्येच तुटणारा. पण तांड्याच्या मातीत ती लेंगी फडावर वाजायची तशी वाजली नाही. फडावर तिच्यात घाई असायची, उद्याचं काम असायचं. इथं ती बराच वेळ हवेत राहिली.

चैत्र लागला आणि मोह गळायला लागला. नाल्यापासून वरपर्यंत गोड, जड वास यायचा. म्हातारी माणसं पहाटेच टोपल्या घेऊन खाली उतरायची. मोहाची फुलं वाळल्या पाल्यात पडतात, दिसत नाहीत, म्हणून पुष्कळजण आधी झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन साफ होते, फुलं वेचायला सोपं जातं. असं आजोबा-पणजोबापासून चाललेलं. मदनसिंगनंही तेच केलं. सकाळच्या गारव्यात पाला पेटवला, जळू दिला, विझला असं वाटल्यावर टोपली भरून वर आला.

ऊन तापलं, वारा उलटला.

धुरपताबाई भाकरी थापत होती. गोमतीबाई दारातून म्हणाली, "धुरपता, हा वास मोहाचा नोहे."

ती बाहेर आली. खाली, पळसांच्या मागे, निळसर धूर उभा होता. मग तो वाकला, त्यांच्याकडे. तिनं गार्डला फोन लावला. मग देवळाकडे ओरडली. म्हातारे उठले, मदनसिंग सगळ्यात आधी. कुणी पोती भिजवून आणली, कुणी लिंबाच्या हिरव्या फांद्या तोडल्या. तोवर आवाज सुरू झाला होता. वाळकी सागाची पानं पेटताना जे वाजतं ते पावसासारखं वाजतं. डोळे मिटले असते तर कुणालाही वाटलं असतं, पाऊस येतोय.

ती नंतर सांगायची की भीती वाटलीच नाही. इतक्या वेळा झोपेत पाहिलेलं होतं की ओळखीचं वाटलं. फरक एवढाच की स्वप्नात घर तिच्याकडे यायचं आणि आज तीच घराच्या पुढे उभी होती. आग कडेवर आली. झाडलेल्या लाल मातीपाशी आली आणि बुटकी झाली. इकडे सरकली, तिकडे सरकली. म्हातारे फांद्यांनी झोडपत होते, मदनसिंग खोकत होता, रडत होता, पण हात थांबवत नव्हता. एका ठिकाणी ती विझली, दुसऱ्या ठिकाणी विझली.

पण ठिणगीला माती लागत नाही. एक जळकं पान वाऱ्यावर उचललं गेलं, सगळ्यांच्या डोक्यावरून सावकाश, एखाद्या पाखरासारखं गेलं आणि गोठ्याच्या गवताच्या छपरावर बसलं. धुरपताबाईनं ते बसताना पाहिलं. हिवाळाभर तिनं जमीन झाडली होती. छपराकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

बकऱ्या तिनं दावी कापून बाहेर काढल्या. गोठा डोळ्यांदेखत गेला. त्याच्या झळेनं मागच्या खोलीची टिनं वाकली, मागचं दार जळलं, भिंत काळी झाली. तेवढ्यात गार्ड आणि त्याची माणसं आली, पाला उडवायची यंत्रं घेऊन. दिवस कलता कलता सगळं थांबलं. घर उभं होतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर वाशीमहून मोटरसायकलवर आला. सपनाही आली. त्यानं टेप लावून मोजलं, फोटो काढले, टिनं पाहिली, दार पाहिलं. मग विचारलं, "आग लागली कशी?"

देवळापाशी मदनसिंग मान खाली घालून बसला होता. धुरपताबाईनं तिकडे पाहिलं नाही.

"मोहाखाली पाला पेटवला होता," ती म्हणाली. "खरं ते सांगतो, सायेब. पेटवनाऱ्याच्या मनात काही नोहतं. कोनाचं नाव पायजे काय तुमच्या कागदाले?"

"नाव नको. तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी लावली नाही ना?"

"नाई. आमी इझवली."

त्यानं ते लिहून घेतलं. घरात माणूस राहत होता याची खात्री करून घेतली. गोमतीबाईनं त्याला चहा देऊन साक्ष दिली. काही दिवसांनी टिनं, दार आणि भिंत यांचे पैसे मंजूर झाले. गोठ्याचे नाही. गवताचं छप्पर विम्यात बसत नव्हतं, आणि तसं कागदात लिहिलेलंही होतं. सपनाला फार वाईट वाटलं. "मी तुमाले नीट सांगाले पायजे होतं, मावशी."

"तू तं सांगतलं होतं," धुरपताबाई म्हणाली. "मले तवा छत्रीच दिसून राह्यली होती."

आखाजीच्या आधी ट्रॅक्टर परत आले. रामधननं काळी भिंत पाहिली, जळका गोठा पाहिला, बायकोच्या हातावरचे फोड पाहिले. दुसऱ्या दिवशी उठून त्यानं नवीन गोठा घालायला घेतला, टिनांचा, आणि घरापासून चांगला लांब.

आता तांड्यातल्या बऱ्याच जणांना विमा हवा होता. सपना पुन्हा आली, पण या वेळी तिला अवघड बातम्या सांगायच्या होत्या. दोन वर्षांत दोनदा वणवा आल्यामुळे कंपनी आता या कडेला धोक्याची जागा मानत होती. धुरपताबाईचाही हप्ता वाढला होता, आणि घरामागचा पट्टा साफ ठेवायचा, उन्हाळ्यात घर रिकामं सोडायचं नाही, अशा अटी पडल्या होत्या. गवताच्या छपरांना तर विमा मिळतच नव्हता.

"म्हंजे ज्याचं लवकर जळते त्यालेच भेटत नाई," गोमतीबाई म्हणाली. सपना म्हातारीजवळ बसून राहिली.

त्या उन्हाळ्यात तांड्याची बैठक झाली. पुष्कळ वादावादी झाली. शेवटी ठरलं की दर साली काही घरांनी मागे राहायचं, आणि माघ लागला की कडेची सगळी जमीन मिळून साफ करायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बोलणं संपताना मदनसिंग उठला. धुरपताबाईनं तोवर त्याच्याशी त्या आगीबद्दल एक शब्दही काढला नव्हता. तो सगळ्यांपुढे म्हणाला, "पाला मीच पेटवला होता." कुणाला हे नवीन नव्हतं. तरी सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

धुरपताबाईच बोलली. "दादा, फुलं वेचाची अडचन हाय ना? मंग झाडाखाली लुगडे हातरू. फुलं पाल्यात पडतीलच कायले?"

पुढच्या दिवाळीला किशन आणि उज्ज्वला गेली, रामधनचा भाऊ किसनसिंग त्यांच्याबरोबर गेला. रामधनचा पाय ट्रॅक्टरपर्यंत गेला आणि तिथंच घोटाळला. धुरपताबाईनं त्याला थांब म्हटलं नाही. तो आपणच मागे वळला आणि जणू काही विसरलं असावं तसा घरात शिरला. त्या साली त्यानं धुकं पाहिलं, सागाच्या पानांची पावलं ऐकली, केशरी झालेला उतार पाहिला. बायकोला तो फक्त म्हणायचा, "हे असं होते काय इथं?" आणि ती म्हणायची, "होय."

चैत्रात तांड्यातल्या बायकांनी जुनी लुगडी एकमेकींना जोडून शिवली आणि मोहाखाली अंथरली. लाल, निळी, आरशांची. पहाटे सगळे खाली उतरले. अजून नीट उजाडलं नव्हतं, आणि फुलं पडत होती. मोहाचं फूल पडतं तेव्हा वाजत नाही, पाण्यानं भरलेलं असतं ते. रामधन एका झाडाखाली लुगड्याच्या कडेला टेकला. वासानं, गारव्यानं, की रात्री वणव्याची राखण करून दमल्यानं, त्याचा तिथंच डोळा लागला.

धुरपताबाई टोपली घेऊन आली. त्याच्या छातीवर, केसांत, उघड्या तळहातावर फिकट पिवळी फुलं जमली होती. गोमतीबाई म्हणाली, "उठव त्याले, फुलं चेंगरतील."

"झोपू द्या," धुरपताबाई म्हणाली, आणि त्याच्या भोवतीची फुलं वेचू लागली.